अस्तित्व, वेग, मर्यादा : द्वारका येथील गणित व सैद्धान्तिक संगणकशास्त्र परिषदेतील स्वागताध्यक्षीय भाषण

सान्त रचनांच्या गणितात तीन प्रश्न एकामागून एक उभे राहतात. हवी ती रचना मुळात अस्तित्वात आहे का? असेल, तर ती शोधायला किती वेळ लागेल? आणि तो वेळ परवडणारा नसेल, तर निदान तिच्या जवळपास तरी पोहोचता येईल का? पहिला प्रश्न शुद्ध गणिताचा, दुसरा उपयोजित गणिताचा आणि तिसरा सैद्धान्तिक संगणकशास्त्राचा, अशी वाटणी विद्यापीठांना सोयीची असते. संशोधनात ती टिकत नाही. या तिन्ही प्रश्नांच्या इतिहासात मराठी नावे ठळकपणे येतात, आणि त्यांतली काही महाराष्ट्राच्या सीमेबाहेर जन्मलेली आहेत : शरच्चंद्र श्रीखंडे सागरचे, श्रीराम अभ्यंकर उज्जैनचे, नरेंद्र करमरकर ग्वाल्हेरचे. दिल्लीच्या नैऋत्य टोकाला, द्वारकेत भरणाऱ्या परिषदेचे स्वागत मराठीत होण्यात त्यामुळे फारसे नवल नाही.

पहिल्या प्रश्नाचे सर्वांत गाजलेले उदाहरण लिओनार्ड ऑयलरने १७८२ मध्ये मांडले. सहा पलटणी, प्रत्येकीतून सहा वेगवेगळ्या हुद्द्यांचे सहा अधिकारी, असे एकूण छत्तीस जण सहा बाय सहाच्या चौरसात असे उभे करायचे, की प्रत्येक आडव्या आणि उभ्या ओळीत प्रत्येक पलटण एकदाच आणि प्रत्येक हुद्दाही एकदाच येईल. ऑयलरला ते जमले नाही. चारने भागल्यावर दोन बाकी उरते अशा कोणत्याही संख्येसाठी, म्हणजे ६, १०, १४, १८ आणि पुढेही, ते कधीच जमणार नाही, अशी अटकळ त्याने बांधली. गास्तोन तारी या फ्रेंच हौशी गणितज्ञाने १९०० च्या सुमारास सगळ्या शक्यता एकेक करून तपासल्या आणि सहापुरते ऑयलरचे म्हणणे खरे ठरवले. दहाचा चौरस मात्र हाताने तपासण्यापलीकडचा होता. १९५० च्या दशकात संगणकालाही त्या कामाला जुंपून पाहिले गेले. हाती काही लागले नाही.

१९५९ मध्ये राजचंद्र बोस आणि श्रीखंडे यांनी बावीसचा चौरस रचून दाखवला. पाठोपाठ अर्नेस्ट पार्कर यांनी दहाचा रचला आणि मग तिघांनी मिळून २ आणि ६ हे दोन अपवाद सोडले तर ऑयलरची अटकळ सर्वत्र खोटी आहे हे सिद्ध केले. न्यूयॉर्क टाइम्सने ही बातमी पहिल्या पानावर छापली. यात लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही, की संगणक जिथे थकला तिथे बीजगणित पोहोचले. सान्त क्षेत्रे आणि संख्याशास्त्रातले ब्लॉक-आराखडे यांच्या आधाराने लहान चौरसांतून मोठा चौरस बांधता येतो. तो शोधत बसावे लागत नाही. तरीही प्रश्न संपलेला नाही. दहाच्या आकाराचे, एकमेकांशी असेच जुळणारे तीन चौरस आहेत की नाहीत, हे आजही कोणाला सांगता आलेले नाही.

श्रीखंडे यांचे नाव लागलेली आणखी एक वस्तू त्याच वर्षाची आहे. बुद्धिबळाचा चार बाय चारचा छोटा पट घेतला आणि हत्ती एका चालीत ज्या घरांत जाऊ शकतो ती घरे रेषांनी जोडली, तर सोळा बिंदूंचा एक ग्राफ तयार होतो. त्यात प्रत्येक बिंदूला सहा शेजारी असतात आणि कोणत्याही दोन बिंदूंना, मग ते जोडलेले असोत वा नसोत, नेमके दोन शेजारी सामाईक असतात. हेच सगळे आकडे तंतोतंत जुळणारा, पण रचनेने निराळा असा दुसरा ग्राफ श्रीखंडे यांनी दाखवला. फरक बारीक आहे : एका बिंदूच्या सहा शेजाऱ्यांमधल्या रेषा पाहिल्या तर हत्तीच्या ग्राफात दोन सुटे त्रिकोण दिसतात, श्रीखंडे ग्राफात एक षट्कोन. त्या काळी ही निव्वळ शुद्ध गणिताची गंमत होती. आज दोन ग्राफ एकच आहेत की नाहीत हे ओळखणारे अल्गोरिदम तपासण्यासाठी हीच जोडी पुढे केली जाते, कारण शेजाऱ्यांची मोजदाद करत पुढे जाणाऱ्या नेहमीच्या पद्धती तिच्यापुढे फसतात. ग्राफ न्यूरल नेटवर्कची ताकद जोखणाऱ्या शोधनिबंधांतही ती भेटते. श्रीखंडे पुढे मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुख झाले आणि २०२० मध्ये, वयाच्या १०२ व्या वर्षी वारले.

शुद्ध आणि उपयोजित यांच्यातले अंतर कित्येकदा केवळ काळाचे असते, हे दामोदर धर्मानंद कोसंबी यांच्या बाबतीतही दिसते. गोव्यात जन्मलेले कोसंबी मराठी वाचकाला इतिहासकार म्हणून माहीत आहेत. १९४३ मध्ये त्यांनी फलनांच्या अवकाशातील संख्याशास्त्रावर जो निबंध लिहिला, त्यातली कल्पना कारहुनेन आणि लोएव्ह यांनी नंतर स्वतंत्रपणे मांडली, नावही त्यांचेच रूढ झाले, आणि आज ती द्रवांच्या खळबळत्या प्रवाहाचे विश्लेषण करणाऱ्या अभियंत्यांच्या रोजच्या वापरात आहे. १९४४ मधले त्यांचे आनुवंशिक अंतर मोजण्याचे सूत्र मात्र त्यांच्याच नावाने चालते. अभ्यंकरांचा मार्ग याहून वेगळा. झारिस्की यांच्या मार्गदर्शनाखाली हार्वर्डला केलेल्या प्रबंधापासून त्यांनी बीजभूमितीतल्या अत्यंत अवघड प्रश्नांना हात घातला, पण आवड कायम उघड्या, हाताने करून पाहता येणाऱ्या बहुपदींच्या आकडेमोडीची. अमूर्ततेच्या लाटेत ती जुनाट वाटे. संगणकावर बीजगणित होऊ लागले तेव्हा तिची किंमत अनेकांना नव्याने कळली. पुण्यातले भास्कराचार्य प्रतिष्ठान त्यांनीच १९७६ मध्ये उभे केले.

दुसरा प्रश्न, वेगाचा, करमरकरांचा. मर्यादित साधनांतून जास्तीत जास्त लाभ कसा काढायचा, या कारखाने, विमान कंपन्या आणि लष्कर यांच्या नित्याच्या प्रश्नाला गणितात लिनियर प्रोग्रामिंग म्हणतात. सगळ्या अटी एकत्र केल्या की अनेक मितींमधला एक पैलूदार घनाकार तयार होतो आणि उत्तम उत्तर त्याच्या एखाद्या कोपऱ्यावर असते. जॉर्ज डँट्झिग यांची १९४७ मधली सिम्प्लेक्स पद्धत कडेकडेने एका कोपऱ्यावरून दुसऱ्यावर जाते. व्यवहारात ती उत्तम चालते. पण क्ली आणि मिंटी यांनी १९७२ मध्ये असे घनाकार रचले, की ती पद्धत प्रत्येक कोपरा फिरून येते आणि कोपऱ्यांची संख्या तर घातांकी असते. १९७९ मध्ये सोव्हिएत गणितज्ञ लिओनिद खाचियान यांनी वेळेची हमी देणारी पद्धत दिली. तिची अडचण उलटी होती : कागदावर वेगवान, यंत्रावर मंद.

करमरकर आयआयटी मुंबईतून १९७८ मध्ये विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेऊन बाहेर पडले, बर्कलीला रिचर्ड कार्प यांच्याकडे त्यांनी पीएच.डी. केली आणि १९८४ मध्ये बेल लॅब्समध्ये असताना आपला अल्गोरिदम जाहीर केला. तो पृष्ठभागावर चालतच नाही. घनाकाराच्या पोटातून जातो. प्रत्येक टप्प्यावर सगळा अवकाश असा ताणून घेतला जातो, की चालू बिंदू मध्यभागी येतो आणि पुढचे पाऊल लांब टाकता येते. वेळेची हमीही मिळाली आणि प्रत्यक्षातला वेगही. गवगवा झाला तसे वादही झाले. बेल लॅब्स जिच्या मालकीची होती त्या एटी अँड टी कंपनीने तपशील काही काळ हातचे राखले, १९८८ मध्ये पेटंट मिळवले आणि या पद्धतीवर बेतलेली यंत्रणा सुमारे ८९ लाख डॉलरना विकायला काढली. गणिताच्या सूत्राचे पेटंट घेता येते का, हा प्रश्न तेव्हा चांगलाच पेटला. पद्धत जुन्या लॉगॅरिदमिक बॅरियर पद्धतीच्या जवळची आहे, हे १९८६ मध्येच दाखवले गेले होते आणि रशियात दिकिन यांनी १९६७ मध्ये साधारण तशाच वाटेचा वेध घेतला होता. श्रेयाच्या या हिशेबाने करमरकरांचे काम उणे होत नाही. आतल्या वाटेने जाणाऱ्या पद्धतींची सारी शाखा त्यांच्या निबंधानंतर बहरली, आणि त्याच पद्धतींनी पुढे सेमिडेफिनिट प्रोग्रामिंग नावाचे अधिक समर्थ हत्यार चालवता येऊ लागले.

त्या हत्याराची धार कुठवर पोहोचते, हा तिसरा प्रश्न. तो विचारणारे सुभाष खोत यंत्रमागांच्या इचलकरंजीत जन्मले आणि वाढले. आयआयटी मुंबईनंतर प्रिन्स्टनला संजीव अरोरा यांच्याकडे शिकत असताना, २००२ मध्ये, त्यांनी युनिक गेम्स कन्जेक्चर मांडले. त्याचा गाभा असा : एका ग्राफच्या बिंदूंना ठरावीक रंगांपैकी एकेक रंग द्यायचा आहे. प्रत्येक रेषेवर एक नियम आहे, की एका टोकाला अमुक रंग असेल तर दुसऱ्या टोकाला तमुकच हवा. सगळेच नियम पाळता येत असतील तर प्रश्न पोरखेळ आहे. एका बिंदूचा रंग ठरला की पुढचे सगळे आपोआप ठरत जातात. पण शंभरातले नव्याण्णव नियम पाळता येतात एवढीच खात्री असेल तर? तेव्हा शंभरातला एक नियम पाळला जाईल अशी रंगवणी शोधणेही, रंग पुरेसे असतील तर, हाताबाहेरचे आहे, असे ही अटकळ म्हणते.

वरवर किरकोळ दिसणाऱ्या या विधानातून पुढे फार निघाले. ग्राफचे बिंदू दोन गटांत असे वाटायचे की गटांना जोडणाऱ्या रेषा जास्तीत जास्त असाव्यात, या प्रश्नावर गोमान्स आणि विल्यमसन यांनी १९९५ मध्ये सेमिडेफिनिट प्रोग्रामिंग वापरून उत्तम उत्तराच्या किमान ०.८७८ पटीची हमी दिली होती. हा विचित्र आकडा कोणी तरी लवकरच सुधारील, असे वाटत असे. खोत, किंडलर, मोसेल आणि ओडॉनेल यांनी दाखवले, की युनिक गेम्सची अटकळ खरी असेल तर हा आकडा सुधारणारच नाही. सिद्धतेत मतदानाच्या नियमांचे विश्लेषण आणि गॉसियन अवकाशातली भूमिती लागली. म्हणजे तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधताना शुद्ध गणितच पुन्हा उभे ठाकले. २००८ मध्ये प्रसाद राघवेंद्र यांनी हाच निष्कर्ष अशा प्रकारच्या प्रश्नांच्या एका प्रचंड कुटुंबाला लागू केला. खोत यांना २०१४ मध्ये सोल येथील आंतरराष्ट्रीय गणित काँग्रेसमध्ये नेव्हानलिना पारितोषिक मिळाले. अटकळ अजून अटकळच आहे. तिच्या जवळचे एक विधान २०१८ मध्ये खोत, मिन्झर आणि साफ्रा यांनी सिद्ध केले, तेव्हापासून तिच्या बाजूचे पारडे जड झाले आहे एवढेच.

मर्यादेचा मूळ प्रश्न, पी आणि एनपी एकच आहेत का, म्हणजे ज्याचे उत्तर झटपट तपासता येते ते झटपट शोधताही येते का हा, शिकागोचे केतन मुलमुले आणि आयआयटी मुंबईचे मिलिंद सोहोनी यांनी बीजभूमितीकडे नेला. २००१ पासून प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधमालेत निश्चयक आणि पर्मनंट या दिसायला जुळ्या बहुपदींमधला फरक सममितीच्या साहाय्याने सिद्ध करण्याचा आराखडा आहे. २०१६ मध्ये ब्युर्गिसर, इकेनमायर आणि पानोव्हा यांनी त्यातली सर्वांत सोपी वाट बंद असल्याचे दाखवले. बाकीच्या वाटा खुल्या आहेत आणि लांब आहेत.

करमरकर आणि मुलमुले या दोघांची पहिली पदवी अभियांत्रिकीची आहे, ही गोष्ट द्वारकेत सांगण्याजोगी आहे. १९८३ मध्ये स्थापन झालेले आणि २०१८ मध्ये विद्यापीठ झालेले नेताजी सुभाष तंत्रज्ञान विद्यापीठ इथे सेक्टर ३ मध्ये आहे, १९९८ चे गुरू गोविंदसिंग इंद्रप्रस्थ विद्यापीठ सेक्टर १६-सी मध्ये. अशा ठिकाणी गणित विभागाकडे पहिल्या वर्षाचे कॅल्क्युलस उरकणारा विभाग म्हणून पाहण्याची सवय देशभर आहे. ती महाग पडते. परदेशी गेल्याशिवाय असे काम होत नाही, ही समजूतही तपासून पाहावी अशी आहे. मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी मूळ संख्या ओळखण्याची बहुपदी वेळेतली पद्धत २००२ मध्ये कानपूरला शोधली, आणि त्यांतले कयाल व सक्सेना नुकतेच बी.टेक. झालेले होते.

बाहेरगावच्या प्रतिनिधींसाठी एक व्यवहाराची सूचना. मेट्रोच्या ब्लू लाइनवर द्वारकेची स्थानके सेक्टर १४ पासून ८ पर्यंत एकेकाने उतरत येतात आणि त्यानंतर थेट २१ येते. गणितज्ञांनी पुढचे पद गृहीत धरून डुलकी घेऊ नये. शुद्ध गणित, उपयोजित गणित आणि संगणकशास्त्र या तिन्ही शाखांतून आलेल्या अभ्यासकांचे, निबंध वाचणाऱ्या विद्यार्थ्यांचे आणि परिषदेच्या अध्यक्षांचे स्वागत समितीच्या वतीने मनःपूर्वक स्वागत.