वाफेच्या बळावर



समोर यंत्र अभियांत्रिकीची मुलं बसली आहेत, म्हणून एका लढाऊ स्क्वाड्रनची गोष्ट आज मी बॉयलरपासून सांगणार आहे.

नौदलाची 300 क्रमांकाची स्क्वाड्रन, म्हणजे ‘व्हाइट टायगर्स’, 1960 साली ब्रिटनमधल्या ब्रॉडी तळावर उभी राहिली. विमानं सी हॉक आणि विमानवाहू जहाज आयएनएस विक्रांत. 1965च्या भारत-पाकिस्तान युद्धात विक्रांत दुरुस्तीसाठी मुंबईच्या गोदीत अडकली होती. पुढची संधी 1971मध्ये आली, तर बॉयलरला तडे गेलेले!

बॉयलर दुखावला म्हणून विमानाचं काय अडतं? डेक आखूड. विमान उचलायचं तर समोरून वारा हवा आणि विमानाला पुढे भिरकावणाऱ्या यंत्राचा, म्हणजे कॅटापल्टचा, हिसका हवा. वारा पडलेला असला की जहाजानंच वेगानं धावून तो मिळवायचा. जहाज धावतं वाफेवर, आणि कॅटापल्टही त्याच वाफेवर चालतं. वाफ कमी पडली की दोन्हीकडून कोंडी. तशा अवस्थेत विक्रांतला युद्धात धाडावं का, यावर बराच खल झाला. अखेर कॅप्टन स्वराज प्रकाश तिला घेऊन बंगालच्या उपसागरात गेले.

4 डिसेंबरच्या सकाळी आठ सी हॉक तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बाजारच्या विमानतळावर तुटून पडली, त्याच दुपारी चितगाववर. पुढेही बंदरं, जहाजं, धावपट्ट्या यांवर मारा चालूच राहिला; रात्रीचं काम विक्रांतवरच्याच अलीझे विमानांनी उचललं. शत्रूच्या माऱ्यात एकही सी हॉक पडलं नाही. स्क्वाड्रनचे प्रमुख लेफ्टनंट कमांडर संतोषकुमार गुप्ता यांना महावीर चक्र मिळालं, आणि ते त्यांनी जिवावर उदार होऊन मिळवलं होतं.

माझं मन मात्र डेकच्या खाली, त्या उकाड्यात रेंगाळतं. प्रत्येक उड्डाणाआधी कोणीतरी वाफेचा दाब बघत होतं. वर कोणीतरी विमानाच्या पोटाखाली वाकून कॅटापल्टचा दोर हुकात अडकवत होतं. हात चुकला असता तर वैमानिक थेट समुद्रात गेला असता. त्या माणसांची नावं पाठ्यपुस्तकात नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

गोव्यात दाबोळीजवळच्या नौदल विमान संग्रहालयात सी हॉक उभं आहे. सहलीला गेलात, तर फोटो काढून झाल्यावर खाली वाका आणि ते हुक नीट बघा.

जय हिंद.