तबकडी लावण्यापूर्वी
(गणेशोत्सवातील श्रवणसंध्येच्या सुरुवातीला केलेलं निवेदन)



१९५५ साली पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेलं गीतरामायण आज आपण लाँग-प्ले तबकड्यांवर ऐकणार आहोत. त्याआधी दोन मिनिटं धुळीसाठी मागतो.

ही पेटी नागपूरला राहायला गेलेल्या एका कुटुंबानं मंडळाला दिली. तिच्यात बालगंधर्वांची एक ७८ फेऱ्यांची तबकडीही होती. ती चकचकीत करायची म्हणून आम्ही कापूस स्पिरिटमध्ये बुडवून फिरवला. कापूस काळा झाला. वाटलं, काय मळ निघाला! तो मळ नव्हता, तबकडीच होती. त्या जुन्या तबकड्या लाखेच्या, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. पॉलिशवाला सुतार चपडा त्यातच तर विरघळवतो. पळस-कुसुमावरची लाख पाहत मोठे झालेल्या आम्हां बालाघाटकरांना एवढं सुचू नये? त्या तबकडीतून आता नुसती खरखर येते. देणाऱ्यांना अजून सांगितलेलं नाही; आज सांगतो आहोत.

लाँग-प्ले तबकडी व्हिनाइलची. तिची खाच केसाइतकी बारीक. सुईचा भार जेमतेम दोन ग्रॅम, पण टोक इतकं लहान की दाब फार मोठा पडतो. मध्ये आलेला कण खाचेच्या भिंतीत रुततो आणि ती ‘टक्’ कायमची होते. आपल्याकडे उन्हाळ्यात रस्त्याची धूळ, हंगामात राइस मिलचा भुसा. कणांना तोटा नाही.

कोरड्या फडक्यानं घासू नका. घासल्यानं व्हिनाइलवर स्थिर वीज येते आणि ती आणखी धूळ ओढते. थंडीत तर फारच. कार्बनच्या केसांचा मऊ ब्रश घ्यावा. तबकडी फिरत असताना तो अलगद टेकवायचा, दोन-तीन फेऱ्या होऊ द्यायच्या आणि हळूच बाहेरच्या कडेकडे सरकवत उचलायचा. खाचेला आडवं कधी घासायचं नाही. पावसाळ्यात धरलेली बुरशी ब्रशनं जात नाही. तिला इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतो ते डिस्टिल्ड पाणी, मऊ कापड आणि खाचेच्या दिशेनं हलका हात. मधला कागद मात्र भिजू द्यायचा नाही. हात लावायचा तो फक्त कडेला. बच्चेकंपनी, हे तुमच्यासाठी!

आता पहिली तबकडी. मागच्या मंडळींनी तेवढा मंचाजवळचा पंखा बंद करावा, धूळ इकडेच येते आहे.