अर्ध्यावरचा ‘मृत्युंजय’

शिवाजी सावंतांची १९६७ साली आलेली ‘मृत्युंजय’ मी सध्या वाचतो आहे. निम्मी झाली आहे. नऊ भागांपैकी चार कर्ण सांगतो. उरलेले कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण. शेवट कोणाला ठाऊक नाही? तरीही पान उलटताना जीव धास्तावतो.

कारण या मांडणीतच आहे. कुंतीने आपले गुपित मला सांगून टाकले आहे. कर्णाला मात्र नाही. तो स्वतःला सूतपुत्र समजून बोलत राहतो, मी ऐकत राहतो. हस्तिनापूरच्या आखाड्यात कृपाचार्य त्याला कुळ विचारतात. कुंती समोरच असते, गप्प. तिच्याबरोबर मीही गप्प.

हा प्रश्न मला परका नाही. मुसलमान माणूस मराठीत कविता लिहितो म्हटले, की ‘पण घरी कोणती भाषा बोलता?’ असे लोक कौतुकानेच विचारतात. त्याला उत्तर देता येते. पण विचारणाऱ्याच्या शेजारी बसून, सारे ठाऊक असूनही जे गप्प राहतात, त्यांचे काय? कादंबरीने अर्ध्या वाटेवरच मला त्यांच्या रांगेत बसवले आहे. पुढचे भाग वाचायचे आहेत. कुंतीला दोष देण्याची घाई मात्र आता उरलेली नाही.