ही लाज आपली नव्हे



आम्ही बँकेत कारकून आहोत. हिंगोलीच्या आसपासच्या खेड्यांतून मुले शिष्यवृत्तीचे खाते उघडायला येतात. गुण चांगले असतात. पण 'कोणती शिष्यवृत्ती?' असे विचारताच आवाज खाली जातो. ही लाज आली कुठून?

दया पवार यांचे 'बलुतं' १९७८ साली प्रसिद्ध झाले. त्यात दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. वास्तविक दोघे एकच! शिकलासवरलेला, नोकरदार माणूस स्वतःतल्या दगडूला समोर बसवतो आणि त्याचे सगळे ऐकून घेतो. लाज लपवली की वाढते. बोलून दाखवली की ती कोणी लादली ते दिसू लागते.

विद्यार्थ्यांनो, एक वही करा. 'मी कमी आहे' असे वाटले की ते वाक्य लिहा. त्याखाली लिहा : हे मला प्रथम कोणी ऐकवले? मन फारच खचले तर विश्वासाच्या माणसाशी, डॉक्टरांशी बोला. त्यात कमीपणा नाही.

१९२७ साली बाबासाहेब महाडच्या तळ्यावर केवळ पाण्यासाठी गेले नव्हते. आपणही माणसे आहोत हे ठरविण्यासाठी गेले होते. तेच आता आपण आपल्या मनातही ठरवू या.

जयभीम!