खुंटा हलवून बळकट



समोरच्या टेबलावर दोन क्रँक ठेवले आहेत. डावीकडचा आपल्या नेहमीच्या काळ्या सायकलचा. त्याच्या एका टोकाला पायडलचं भोक आहे, दुसऱ्या टोकाला एक्सलचं मोठं भोक, आणि त्याला आडवं छेदणारं कॉटरचं, म्हणजे क्रँक एक्सलवर जखडणाऱ्या खिळ्याचं, बारीक भोक. उजवीकडचा बीएमएक्स रेसच्या सायकलचा आहे. दोघांचं काम एकच: पायाचा दाब घ्यायचा आणि तो फिरता करायचा. आज मी एवढ्याच वस्तूविषयी बोलणार आहे. आपल्या चाळीसगावातली मुलं तितूर नदीच्या काठाला मुरुमाच्या ढिगांवरून वीस इंची सायकली उडवायला लागली आहेत, आणि त्यांचे आईवडील माझ्याकडे येऊन विचारतात, "सर, हलका क्रँक कोणता घ्यावा?" विचारतात हे चांगलं आहे. पण या प्रश्नात 'हलका' हा शब्द सर्वांत पुढे आला आहे, आणि तो सर्वांत शेवटी यायला हवा. मला सांगायचं आहे ते हेच. बाकी सगळी त्याची कारणं.

क्रँक ही आपल्याला परकी वस्तू नाही. ज्यांच्या घरी जातं होतं त्यांनी आठवून पाहावं. जात्याचा खुंटा मध्याजवळ कधीच नसतो, काठाशी असतो. मध्यापासून जितका लांब, तितका हाताला हलका. पण हाताला फेराही तितकाच मोठा घ्यावा लागतो. दळताना खुंटा सैल झाला की आई थांबायची, तो हलवून पाहायची, पाचर घालून ठोकायची आणि मगच पुढची मूठ टाकायची. सैल खुंट्यावर जोर लावला तर आधी खुंटाच हलतो, तळी नंतर. लांबी आणि घट्टपणा, क्रँकचं निम्मं शास्त्र या खुंट्यात आहे.

माझ्या वडिलांचं स्टेशनजवळ सायकलचं दुकान होतं. तासाच्या सायकली भाड्याने जायच्या. सकाळच्या धुळे गाडीने उतरलेली माणसं दिवसभरासाठी सायकल न्यायची आणि संध्याकाळी परत आणताना हमखास एक तक्रार असायची: "दादा, पायडल टकटक वाजस." वडील पायडलकडे पाहायचेही नाहीत. क्रँक हातात धरून हलवायचे. कॉटर झिजलेला असायचा. दर फेऱ्याला क्रँक एक्सलवर थोडा सरकायचा आणि तोच टकटक आवाज. नवा कॉटर ठोकताना ते क्रँकखाली लोखंडी पाइपचा तुकडा टेकू म्हणून उभा लावायला सांगायचे. टेकू नसेल तर हातोडीचा मार थेट आतल्या छऱ्यांवर जातो. मग गिऱ्हाइकाला चौकापर्यंत सायकल चालवायला लावायचे आणि परत आल्यावर नट पुन्हा आवळायचे.

त्या दुकानात मी जे शिकलो ते पुढे यंत्रशाळेत मुलांना शिकवताना कागदावर मांडता आलं. उजव्या पायाचा जोर उजव्या क्रँकमधून थेट चेनव्हीलला जातो, कारण दोन्ही एकमेकांना जोडलेले असतात. डाव्या पायाच्या जोराला मात्र डावा क्रँक, डावा कॉटर, एक्सल, उजवा कॉटर आणि मग चेनव्हील एवढा प्रवास करावा लागतो. म्हणजे डावा पाय दाबताना एक्सल दर वेळी पिळला जातो. क्रँकची ताठरता म्हणतात ती फक्त दांड्याची नसते. ती या सगळ्या साखळीची असते, आणि साखळीतला सर्वांत सैल सांधा ती ठरवतो.

आता बीएमएक्सकडे येतो. हा खेळ १९७० च्या आसपास अमेरिकेत, दक्षिण कॅलिफोर्नियात सुरू झाला. मोटोक्रॉसच्या मोटारसायकली पाहून पोरांनी आपल्या लहान सायकली मातीच्या उंचवट्यांवर पळवायला सुरुवात केली. त्या सायकलींचा क्रँक एकाच पोलादी सळीला वाकवून केलेला असायचा. डावा, उजवा आणि मधला एक्सल, सगळं एकच. स्वस्त आणि साधा. पण उडीवरून खाली आदळताना तो वाकायचा. मग रेडलाइन आणि प्रोफाइल या कंपन्यांनी क्रोमोली पोलादाच्या पोकळ नळीचे, तीन तुकड्यांचे क्रँक आणले. एक्सलच्या टोकाला बारीक उभे दाते. प्रोफाइलच्या एक्सलवर ते ४८ असतात. एका कॉटरवर येणारा भार ४८ दातांनी वाटून घेतला, की टकटक बंद. पहिली जागतिक स्पर्धा १९८२ साली ओहायोतल्या डेटन इथे झाली आणि २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये बीएमएक्स रेस आली. लॅटव्हियाचा मारिस श्ट्रोम्बर्ग्स आणि फ्रान्सची आन-कॅरोलीन शोसाँ हे तिथले पहिले सुवर्णविजेते.

या शर्यतीत एका वेळी आठ जण उतरतात. सगळी धाव साधारण ३० ते ४० सेकंदांची. गिअर एकच, ब्रेक फक्त मागे. ऑलिंपिकच्या ट्रॅकवर उताराची सुरुवात ८ मीटर उंचीवरून होते. समोरचं गेट कधी पडेल हे कुणाला कळू नये म्हणून शेवटच्या सूचनेनंतर ०.१ ते २.७ सेकंदांपर्यंतचा अनिश्चित विराम ठेवलेला असतो. गेट पडल्यावर पहिल्या उंचवट्यापर्यंत जो पुढे गेला त्याला आपली वाट निवडता येते. मागच्याला दुसऱ्याची धूळ आणि कोपर मिळतं. क्रँकची खरी परीक्षा त्या पहिल्या चार-पाच फेऱ्यांत होते.

त्या फेऱ्यांत काय घडतं ते आकड्यांत पाहा. साठ किलोचा मुलगा हँडल वर ओढत पायडलवर उभा राहतो, तेव्हा पायडलवर त्याच्या वजनापेक्षा जास्त भार येतो. हिशेबाला शंभर किलो धरू. क्रँक १७५ मिलिमीटरचा. पुढे ४४ दातांचं चेनव्हील असेल तर त्याची त्रिज्या जवळपास ८९ मिलिमीटर भरते. म्हणजे चेनवर ताण येतो जवळजवळ दोनशे किलोचा. एवढ्या ताणाला एक्सल थोडा पिळला जाणारच. तो पिळ स्प्रिंगसारखा बराचसा परत मिळतो, तो सगळा वाया जातो असं म्हणणं खरं नाही. पण गेट पडल्याच्या त्या क्षणी पायाने दिलेला जोर चाकाला तेव्हाच हवा असतो. आणि सैल सांध्यात गेलेला जोर तर कधीच परत येत नाही. ताठर क्रँकसाठी पैसे मोजायचे ते यासाठी.

ताठर म्हणजे जड असा आपला समज असतो. तो कुठे चुकतो ते एका हिशेबाने दाखवतो. एकाच पोलादाचे दोन एक्सल घ्या. एक १९ मिलिमीटर जाडीचा भरीव. दुसरा बाहेरून २४ मिलिमीटर आणि आतून २० मिलिमीटर पोकळ. पिळाला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घातावर ठरतो. तो काढला तर पोकळ एक्सल भरीवपेक्षा सुमारे तीस टक्के जास्त ताठर निघतो, आणि त्याचं वजन निम्मं भरतं. बांबू ज्या कारणाने उभा राहतो त्याच कारणाने. शिमानोच्या बीएमएक्स क्रँकचा एक्सल २४ मिलिमीटरचा आणि पोकळ आहे, तो यामुळेच. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास एक-तृतीयांश वजनाचं असतं, पण त्याची ताठरताही एक-तृतीयांशच असते. म्हणून नुसता धातू बदलून फार काही मिळत नाही. त्या धातूची नळी जाड घेरात घडवली तरच मिळतं. दुकानदार धातूचं नाव सांगेल, तुम्ही घेर विचारा.

आता वजनाकडे. चाकाच्या रिमवरचे शंभर ग्रॅम वाचले तर फायदा दुपटीसारखा जाणवतो, कारण रिम सायकलबरोबर पुढेही जाते आणि त्याच वेगाने फिरतेही. क्रँक तसा फिरत नाही. पुढे ४४ आणि मागे १६ दात असतील तर चाकाच्या पावणेतीन फेऱ्यांत क्रँकचा एकच फेरा होतो. त्यामुळे क्रँकमधला हलकेपणा आणि सीटखालच्या दांड्यातला हलकेपणा यांत जवळजवळ फरक नाही. मुलगा आणि सायकल मिळून सत्तर किलो धरले तर दोनशे ग्रॅम म्हणजे हजारात तीन भाग. ते वाचवायचे तर वाचवा, पण त्यासाठी पोराच्या पायाखालचा आधार पणाला लावू नका.

इथे मला आपल्या मातीतल्या एका चाकाची आठवण होते. आपल्या गावाजवळ पाटणादेवीच्या परिसरात जो शिलालेख सापडला, त्यात भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याची नोंद आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो लेख उजेडात आणला. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये सिद्धान्तशिरोमणी पूर्ण केला. त्यात एका स्वयंवह चाकाचं वर्णन आहे: पोकळ आऱ्या, त्या पाऱ्याने अर्ध्या भरलेल्या, आणि पारा सरकत राहिल्याने चाक आपोआप फिरत राहील अशी कल्पना. असं चाक फिरत राहू शकत नाही हे आज आपल्याला ठाऊक आहे. पण आऱ्यांच्या पोकळीकडे, वजन चाकात नेमकं कुठे बसलं आहे याकडे साडेआठशे वर्षांपूर्वी लक्ष देणारी बुद्धी या परिसरात अभ्यासली जात होती, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. क्रँकचा हिशेब करताना आपण तोच प्रश्न विचारतो: वजन किती, हे नंतर, ते मध्यापासून किती दूर आणि किती वेगाने फिरतं, हे आधी.

लांबीविषयी पालकांनी सर्वांत जास्त काळजी घ्यावी. मोठ्यांसाठी बीएमएक्स रेसचे क्रँक साधारण १७५ ते १८० मिलिमीटरचे मिळतात, लहान मुलांसाठी त्याहून आखूड. मुलगा वाढेल म्हणून शर्ट एक माप मोठा घेतात तसा क्रँक घेऊ नका. लांब क्रँकवर लहान मुलाचा गुडघा छातीकडे येतो, पाय वेगाने फिरत नाही, आणि उंचवट्यावर पायडल मातीला घासतं. आखूड क्रँक घेतला की पायाला जोर जास्त लागतो, हे जात्याच्या न्यायाने खरं. पण त्यावर उपाय गिअरमध्ये आहे.

माझ्या पुतण्याची गोष्ट सांगतो. त्याने कुणाकडून तरी वापरलेला, खूप हलका ॲल्युमिनियमचा क्रँक घेतला. मी त्या दिवशी घाईत होतो, हातात घेऊन म्हणालो, छान आहे. कापडाने पुसून पाहिलं नाही. पायडलच्या भोकाजवळ केसाएवढी चीर होती. पोलाद बहुधा वाकून, करकरून इशारा देतं. ॲल्युमिनियम चीर वाढवत राहतं आणि एका आदळण्याला तुटतं. उडीवरून खाली येताना दोन्ही क्रँक आडवे होते, अंगाचा सगळा भार त्यांच्यावर. डावा तुटला. हनुवटीला सहा टाके पडले. ती चूक माझी होती आणि ती मी विसरलेलो नाही. तेव्हापासून माझ्या हातातून कुणाचाही क्रँक पुसल्याशिवाय, भिंगाखाली पाहिल्याशिवाय आणि हलवल्याशिवाय जात नाही.

खुंटा हलवून बळकट करणं हा आपल्या भाषेतला वाक्प्रचार आहे, आणि सायकलवर तो शब्दशः करता येतो. दोन्ही क्रँक आडवे ठेवा, एक हाताने धरा, दुसरा दाबा. कट्ट असा आवाज आला तर सांधा सैल आहे. मग क्रँक बाजूला, फ्रेमच्या दिशेने ओढा. हलला तर बेअरिंग किंवा त्याचा कप पाहा. शिमानोसारख्या पोकळ एक्सलच्या क्रँकला डाव्या बाजूला दोन बोल्ट असतात. ते दोन्ही आळीपाळीने, १२ ते १४ न्यूटन-मीटरपर्यंत आवळायचे. एकच पूर्ण आवळून मग दुसरा नाही. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात हे विसरून जोर लावला की क्रँकचं भोक कायमचं जातं. आणि विकत घेण्याआधी फ्रेमचं बीबीचं, म्हणजे एक्सल जिथे बसतो ते, भोक मोजा. ५१.३, ४१.२, ३७ मिलिमीटर, शिवाय आट्यांचं, असे अनेक प्रकार आहेत. क्रँक कितीही चांगला असला तरी चुकीच्या भोकात तो बसत नाही.

काल संध्याकाळी एक मुलगा माझ्याकडे आला होता, आज पहिल्या रांगेत बसला आहे. तो १७५ चा क्रँक काढून १६५ चा घालायचा विचार करतो आहे आणि त्याला भीती वाटते की सुरुवातीला जोर कमी पडेल. बाळा, १० मिलिमीटर म्हणजे पावणेसहा टक्के. तुझ्या मागे १६ चं फ्रीव्हील आहे, तिथे १७ चं लाव. गिअर जवळजवळ तेवढाच हलका होतो. उद्या सकाळी सायकल घेऊन ये. आधी तुझा क्रँक काढू, पुसू, आणि उजेडात धरून पाहू.