शेतराखणीची बंदूक : कोणती आणि कशासाठी



भाद्रपद लागला, सोयाबीनच्या शेंगा भरू लागल्या, की आमच्या धर्माबादच्या शिवारात शेतकऱ्याची झोप उडते. गोदाकाठचं काळं रान, हाताशी आलेलं पीक, आणि रात्री रानडुकरांची टोळी. ही टोळी खाते थोडं, उकरून आणि तुडवून टाकते जास्त. रोही येतो तो उभ्या पिकात लोळून जातो. काळविटांचा कळप कोवळा हरभरा खुडतो. घरचा एक माणूस माळ्यावर, एक धुऱ्यावर, हातात बॅटरी आणि पत्र्याचा डबा. दिवसभर राबायचं आणि रात्री जागल करायची. हे किती दिवस चालणार?

मग पारावर कोणीतरी म्हणतो, ‘सर, एखादी स्वस्तातली रायफल घ्यावी म्हणतो. कोणती घेऊ?’ तरुण मुलं फोनवर अमेरिकेतली चित्रं पाहतात. तिकडे आपल्या कोल्ह्याचा एक भाऊबंद आहे, त्याला कायोटी म्हणतात. त्याच्यासाठी हलक्या गोळीची, लांब पल्ल्याची रायफल तिथे दुकानात मिळते. ते पाहून आमच्या मुलांना वाटतं की आपणही तसंच करावं. प्रश्न गैर नाही. पण बंदुकीच्या आधी दोन गोष्टी विचाराव्या लागतात. जनावर कोणतं? आणि रान कसलं?

आधी जनावर पाहू. कोल्ह्याचं नाव सगळ्यांच्या तोंडी असतं. तो टरबूज फोडतो, कोंबडी उचलतो, कधी शेळीचं करडू नेतो. हे खरं. पण रात्रभर तो उंदीर आणि घुशीही खात फिरतो, तो हिशेब आपण मांडत नाही. आणि कायद्याने तर त्याला मारताच येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा. २०२२ साली त्यात दुरुस्ती झाली आणि कोल्हा पहिल्या अनुसूचीत गेला. काळवीटही त्याच अनुसूचीत आहे. पिकाची नासाडी झाली या कारणासाठी पहिल्या अनुसूचीतलं जनावर मारण्याची परवानगी मिळत नाही. मारलं तर तीन ते सात वर्षांची कैद आहे. तेव्हा कोल्ह्यासाठी बंदूक घेण्याचा विचार इथेच सोडावा. कोंबड्यांचं खुराडं रात्री पक्कं बंद करावं, करडं आत घ्यावीत, काम भागतं.

राहिले रानडुक्कर आणि रोही. हे दोघे दुसऱ्या अनुसूचीत आहेत. उभ्या पिकाला त्यांचा उपद्रव होत असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कारणे नमूद करून लेखी परवानगी देऊ शकतो. त्यासाठी वनखात्याकडे अर्ज करावा लागतो. इथे पुष्कळांची गफलत होते. बंदुकीचा परवाना हा एक कागद आणि जनावर मारण्याची परवानगी हा दुसरा कागद. पहिला जिल्हाधिकारी कचेरीतला, दुसरा वनखात्याचा. पहिला हातात आहे म्हणून दुसरा मिळाला असं होत नाही. आणि मारलेल्या जनावराचं काय करायचं तेही वनखातं ठरवतं. मांसाचे वाटे घातले, तर पिकाचं नुकसान राहील बाजूला आणि खटला मागे लागेल.

आता बंदुकीकडे येऊ. गुरुजींनी वर्गात सांगण्याजोगी ही गोष्ट आहे, म्हणून थोडी फोड करून सांगतो.

बंदुकीच्या दोन जाती. एकीची नळी आतून गुळगुळीत असते. दुसरीच्या नळीत पीळदार खाचा असतात, तिला रायफल म्हणतात. खाचांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते, म्हणून ती सरळ आणि दूर जाते. पॉइंट २२ ची रायफल लहान. तिच्या नळीचा व्यास इंचाचे शंभर भाग केले तर त्यातले २२, म्हणजे साडेपाच मिलिमीटरच्या आसपास. दिसायला खेळण्यासारखी. पण तिची गोळी दीड किलोमीटरच्या पलीकडे जाऊ शकते. पॉइंट ३१५ ची रायफल आपल्या सरकारी कारखान्यांनी नागरिकांसाठी बनवली. तिची गोळी आठ मिलिमीटरची आणि तिचा पल्ला याहून मोठा.

आता आपलं रान डोळ्यांसमोर आणा. धर्माबादेभोवती जमीन सपाट. एका गावाची शीव संपते न संपते तोच दुसऱ्या गावाचे दिवे. मधून रेल्वे जाते. शेजारच्या आखाड्यावर सालगडी निजलेला, पलीकडच्या माळ्यावर कोणाचा तरी मुलगा जागलीला. अशा रानात चुकलेली गोळी कुठे थांबेल? गोळी अडवायला मागे डोंगर नाही, टेकाड नाही. पॉइंट २२ स्वस्त वाटते, पण ती डुकराला धड मारत नाही, नुसतं जखमी करते. जखमी डुक्कर अंगावर येतं, आणि चुकलेली गोळी शेजाऱ्याच्या आखाड्यावर जाते. म्हणजे दोन्हीकडून घात.

गुळगुळीत नळीच्या बंदुकीचं तसं नाही. तिच्या काडतुसात एक गोळी नसून छर्रे असतात. डुकराला लागतात ते मोठे छर्रे तीस-चाळीस मीटरपर्यंत काम करतात, पुढे पांगतात आणि त्यांचा जोर ओसरत जातो. पांगलेला छर्राही माणसाला इजा करतो, हे विसरू नये. पण रायफलीच्या गोळीइतकी त्याची धाव नाही. शेताची राखण जवळूनच करायची असते. तिथे हेच हत्यार बरोबर.

आणि गंमत अशी की कायद्याने हा विचार आपल्या आधीच करून ठेवला आहे. शस्त्र कायदा १९५९ चा. त्याच्या तेराव्या कलमात पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचं नाव घेतलं आहे. ती पुरेशी नसेल, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूकही देता येते. संरक्षणासाठी किंवा खेळासाठी द्यायच्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीची नळी किमान २० इंच हवी. त्याच कलमात पॉइंट २२ रायफलीचा उल्लेख आहे तो नेमबाजी मंडळाच्या सभासदांना निशाणबाजीसाठी. शेतकरी आणि नेमबाज यांची हत्यारं कायद्यानेच वेगळी केली आहेत.

मग घ्यायची कोणती? ठासणीची सर्वांत स्वस्त. पण दारू ठासायची, गज मारायचा, टोपी बसवायची; आणि आपली राखण ऐन पावसाळ्यातली. दारू सर्दावली की बार फुसका. म्हणून अर्जात ही अडचण लिहून मागून काडतूस भरायची १२ बोअरची एकनळी मागावी. १२ बोअर म्हणजे काय? एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक जेवढी जाड तेवढी नळीची पोकळी, साधारण साडेअठरा मिलिमीटर. मुलांकडून हे गणित करवून घ्यावं. बिहारातल्या मुंगेरला अशा बंदुका पिढ्यान्‌पिढ्या बनतात. ‘शक्तिमान’ नावाची काडतुसं आपल्या पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यातली. जोडनळी घेतली तर दुसरा बार लगेच मिळतो, पण किंमत आणि वजन वाढतं. नवशिक्याला एकनळी पुरे. एकच बार हाताशी असला, की माणूस नीट पाहून मगच चाप ओढतो.

जुनी बंदूक घेताना नळी उजेडाकडे धरून आतून पाहावी. पोचा किंवा गंजाचे खड्डे असतील तर घेऊ नये. सांधा खुळखुळता नसावा. नंबर कागदाशी जुळवावा. आजोबांची बंदूक घरात आहे म्हणून ती आपली झाली असंही नाही. परवाना स्वतःच्या नावावर करून घ्यावा लागतो.

परवान्यासाठी वय २१ पुरं हवं, पोलिसांचा अहवाल लागतो आणि हत्यार सुरक्षितपणे हाताळण्याचं शिक्षण घ्यावं लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांचा झाला. निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा करण्याचा हुकूम येऊ शकतो. हा सारा खर्च, हेलपाटे आणि जबाबदारी बंदुकीच्या किमतीत धरूनच ‘परवडते का’ ते ठरवावं.

वापराचे नियम थोडेच, पण ते मोडू नयेत. नुसत्या आवाजावर बार टाकू नये. पूर्ण जनावर दिसलं पाहिजे. शेजारच्या आखाड्यांवर आधी सांगून ठेवावं. बार माळ्यावरून खाली, जमिनीच्या रोखाने असावा, म्हणजे चुकलेला छर्रा मातीत जातो. घरी बंदूक रिकामी, काडतुसं निराळ्या कुलपात, आणि किल्ली पोरांच्या हाती लागणार नाही अशी.

याहून स्वस्त म्हणून जे उपाय निघतात, ते सर्वांत महाग पडतात. कुंपणात घरची वीज सोडली, तर पहाटे पाणी द्यायला आलेला भाऊ मरतो. कणकेत दारू भरून ठेवली, तर आपल्याच गाईचा जबडा फुटतो. प्लास्टिकच्या नळीची कार्बाइड बंदूक जनावरं भिववायला म्हणून लोक वापरतात. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात अशा बंदुकींनी कितीतरी मुलांचे डोळे गेले. गुरुजींनी हे वर्गात सांगितलं, तर एखाद्या मुलाची दृष्टी वाचेल.

आणि शेवटी एक हिशेब. एक डुक्कर मारलं म्हणून टोळी संपत नाही. डुकरीण एका वेळी चार-सहा पिलं देते. दहा जणांनी दहा बंदुका घेण्यापेक्षा, शेजारच्या शेतकऱ्यांनी मिळून सौरकुंपण घालावं. त्याचा झटका क्षणभराचा असतो, जनावर बुजतं, मरत नाही. जागलीच्या पाळ्या लावाव्यात. नासाडी झाली तर त्याच दिवशी फोटो काढून वनखात्याकडे अर्ज द्यावा आणि पंचनामा करून घ्यावा. एवढं करूनही गरज उरली, तर गावात एका जबाबदार, निर्व्यसनी माणसाकडे एकनळी असावी आणि वनखात्याचा कागद त्याच्या खिशात असावा.

बंदूक परवडणारी आहे की नाही, ते दुकानातल्या किमतीवरून ठरत नाही. रात्री राखणीला गेलेली सगळी माणसं सकाळी घरी परत आली पाहिजेत. तो हिशेब जिच्यात बसतो, तीच बंदूक आपल्याला परवडली.