इंटरमिजिएटनंतर राहून गेलेलं चित्र
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी मेळाव्यात केलेले भाषण)



सेक्रेटरी साहेबांनी मला ‘बचत आणि गुंतवणूक’ या विषयावर बोला म्हणून सांगितलं होतं. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला दुसरा विषय कोण देणार? पण त्यांची परवानगी घेऊन मी विषय थोडा बदलला आहे. हिशेब यातही आहे, काळजी नसावी.

आपल्याकडे दर दोन घरांआड एखादं लेकरू छान चित्र काढणारं असतं. शाळेत ते आधी एलिमेंटरी आणि मग इंटरमिजिएट देतं. राज्याच्या कला संचालनालयाच्या या परीक्षा. दहावीला त्याचे वाढीव गुण मिळतात, म्हणून आपणही हौसेनं रंगपेटी आणून देतो. दहावी झाली की रंगपेटी माळ्यावर जाते. मग अकरावी-बारावी. कुणी इथं नांदेडलाच क्लास लावतं, कुणी लेकराला लातूरला खोली करून देतं. लातूर पॅटर्नला नावं ठेवायला मी उभा राहिलेलो नाही. शेतकऱ्याच्या, शिक्षकाच्या घरात पहिला डॉक्टर त्यामुळंच आला, हे मी लातूर जिल्ह्यातल्या शाखांमध्ये नोकरी करताना डोळ्यांनी पाहिलं आहे. एवढंच म्हणतो, की त्या दोन वर्षांत चित्र थांबतं आणि बहुतेकांचं ते कायमचं थांबतं.

आपल्या सोसायटीतल्या एका मुलाचं मात्र पुन्हा सुरू झालं. नाव घेत नाही, कारण त्याला संकोच वाटेल. पण बोलायची परवानगी घेतली आहे. तो इंजिनिअर झाला, पुण्यात नोकरीला लागला, लॉकडाउनमध्ये घरी आला आणि इथंच राहिला. आता स्वतंत्रपणे वेबसाइट तयार करून देतो. दवाखाने, क्लासेस, बियाणांचे दुकानदार, पुण्या-मुंबईच्या कंपन्या, असे त्याचे गिऱ्हाईक. दीड-दोन वर्षांपासून पहाटे आणि रविवारी तो चित्रं काढतो. कागदावर नाही, पेनानं पाटीवर काढावं तसं टॅबलेटवर काढतो. गोदावरीचा घाट, कंधारचा किल्ला, लातूरची गंजगोलाई आणि तिथून फुटणारे सोळा रस्ते. चित्रांना वेळ द्यायचा म्हणून त्यानं वेबसाइटची काही कामं नाकारली, आणि इथं घरात ठिणगी पडली.

त्याची आई माझ्याकडं आली. म्हणाली, “भाऊ, तुम्ही बँकेतले. त्याला समजावून सांगा, बँकेच्या परीक्षेला बस म्हणावं. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून काय करायलाय, काही कळंना. मुलीकडची माणसं विचारतात मुलगा कुठं नोकरीला आहे, तर काय सांगावं?” हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ‘घरून काम करतो’ म्हटल्यावर परत गेलेली स्थळं आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहेत.

मी त्या मुलाला बोलावलं आणि उपदेश करण्याआधी पासबुक मागितलं. तीन वर्षांचं पासबुक आणि आयकराची विवरणपत्रं घेऊन तो आला. आकडे सांगणार नाही, ती बँकेची सवय आहे. पण एवढं सांगतो, की कर्जाच्या अर्जाबरोबर ही कागदपत्रं माझ्या टेबलावर आली असती, तर मी ती बाजूला टाकली नसती. उत्पन्न होतं, पण सरळ रेषेत नव्हतं. एका महिन्यात चार महिन्यांचं, पुढचे दोन महिने शून्य. आपण पगारदार माणसं एक तारीख धरून जगलो, म्हणून आपल्याला हे उत्पन्न उत्पन्नच वाटत नाही. पण मंडळी, आपल्या बापजाद्यांचं उत्पन्न असंच होतं. सोयाबीन काय दर एक तारखेला येतं का? हंगामाचा पैसा वर्षभर पुरवायची विद्या आपल्या घरात होती, नोकरीनं ती विसरायला लावली.

तर त्याला मी जे सांगितलं ते सगळ्यांच्या उपयोगाचं आहे. एक, खाती दोन ठेव. कामाचे सगळे पैसे एका खात्यात येऊ दे आणि त्यातून दर महिन्याला ठरावीक रक्कम पगारासारखी दुसऱ्या खात्यात घे. दोन, सहा महिन्यांचा घरखर्च मुदत ठेवीत बाजूला पाहिजे. तो झाल्याशिवाय एकही काम नाकारू नकोस. तीन, निम्मी रक्कम आगाऊ घेतल्याशिवाय कामाला हात लावू नकोस. चार, विवरणपत्र दरवर्षी भर. उद्या घरासाठी कर्ज लागलं तर बँक तुझी चित्रं बघणार नाही, विवरणपत्रं बघेल. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांपुढं गेली की जीएसटीची नोंदणी लागते, तेही ध्यानात ठेव. आणि पाच, तुला प्रॉव्हिडंट फंड कुणी देणार नाही, तेव्हा पीपीएफचं खातं आजच उघड. वर्षाला ५०० रुपये भरले तरी ते चालू राहतं आणि १५ वर्षांत शिस्त लावतं.

आता ‘एका हातानं पोटाचं काम आणि दुसऱ्या हातानं चित्र’ हे आजच्या पोरांचं खूळ आहे, असं कुणाला वाटत असेल तर आपल्याच मराठी माणसांची उदाहरणं देतो. वसंत सरवटे यांची चित्रं आपण ‘ललित’मध्ये ठणठणपाळच्या सदरासोबत पाहिली आहेत. हे सरवटे एसीसी या सिमेंट कंपनीत इंजिनिअर होते आणि नोकरी करता करताच चित्रं काढत होते. प्रभाकर बरवे हे देशातल्या मोठ्या आधुनिक चित्रकारांपैकी एक. ते १९६१ पासून १९८२ पर्यंत सरकारच्या विणकर सेवा केंद्रात नोकरीला होते. कापडासाठी नक्षी हे त्यांचं कामाचं काम, आणि त्याच वर्षांत त्यांची स्वतःची चित्रकला घडत गेली. ‘कोरा कॅनव्हास’ हे त्यांचं पुस्तक १९९० साली आलं.

तिसरं नाव र. कृ. जोशी. जाहिरातीच्या धंद्यात त्यांनी नाव कमावलं, पुढं पवईच्या आयआयटीत शिकवलं, आणि अक्षरांची चित्रं काढण्याचा नाद जन्मभर सोडला नाही. या नादाचा फायदा कुणाला झाला? तुम्हा-आम्हाला. विंडोजबरोबर आलेला ‘मंगल’ हा देवनागरी फॉण्ट त्यांनी केलेला आहे. सोसायटीच्या नोटिसा, शासनाची परिपत्रकं, तलाठ्याचा सातबारा, कितीतरी मजकूर आपण त्या अक्षरांत वाचला. २००८ साली ते गेले, अक्षरं राहिली.

परदेशातलंही एक सांगतो. अमेरिकेत माइक विंकेलमन नावाचा एक वेब डिझायनर होता. त्यानं १ मे २००७ पासून रोज एक चित्र काढायचं ठरवलं आणि एकही दिवस चुकवला नाही. पहिल्या ५,००० दिवसांच्या चित्रांचा एकच मोठा पट मार्च २०२१ मध्ये लिलावात ६ कोटी ९३ लाख डॉलरला गेला. आपल्या रुपयांत पाचशे कोटींच्या घरात. हे ऐकून कुणी पोराला उद्यापासून लिलावाला बसवू नका. ती किंमत एका तेजीच्या लाटेतली होती आणि ती लाट लवकरच ओसरली. त्यातून घ्यायची गोष्ट वेगळीच आहे. तेरा-चौदा वर्षं त्या माणसानं पोटाचं काम करून रोजचं चित्र काढलं, तेव्हा लिलाव त्याच्या स्वप्नातही नव्हता. आणि वयाचं म्हणाल तर इंग्लंडचे डेव्हिड हॉकनी, जन्म १९३७ चा. सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी आयपॅडवर चित्रं काढायला सुरुवात केली, आणि २०१२ साली लंडनच्या रॉयल अकादमीत ती मांडली गेली. म्हणजे आपल्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यालाही सवलत नाही!

एक कायद्याची गोष्ट, कारण आपली मुलं इथं फार फसतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं चित्राचा हक्क साधारणपणे काढणाऱ्याचा, तो हयात असेपर्यंत आणि नंतर ६० वर्षं. पण नोकरीचा भाग म्हणून काढलेलं चित्र मालकाचं होतं. पैसे घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढून दिलेलं चित्रही, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचं होतं. म्हणून गिऱ्हाइकाच्या वेबसाइटसाठी चित्र द्यायचं असेल तर दोन ओळी लिहून घ्या, की वापर त्यांचा, हक्क माझा. मोबाइलवरचा निरोप असला तरी जपून ठेवा, पण सहीचा कागद बरा.

कुणी म्हणेल, आता तर वेबसाइट यंत्रच तयार करून देतं आणि चित्रसुद्धा काढतं. खरं आहे. त्या मुलालाही त्याची धास्ती आहे. पण त्याचं म्हणणं मला पटलं. तो म्हणाला, “काका, साधी वेबसाइट उद्या कुणीही यंत्राकडून करून घेईल. मग माझ्याकडं माणूस कशासाठी येईल? माझ्या नजरेसाठी. ती नजर चित्रानंच तयार होते.” म्हणजे आपण ज्याला वेळेचा नास म्हणत होतो, तो त्याच्या धंद्यातला राखीव निधी आहे. बँकेच्या भाषेत सांगितलं की मला लगेच कळतं.

त्याच्या आई-वडिलांशी मी बोललो. परीक्षेचा फॉर्म भरायला त्याची ना नाही, भरलाही आहे. चित्रासाठी पहाट आणि रविवार, असा घरात तह झाला आहे. लग्नाचं अजून जमायचं आहे. तिथं मात्र आपण सगळे मदत करू शकतो. कुणी चौकशीला आलं तर ‘घरीच असतो’ असं म्हणू नका. ‘स्वतःचा व्यवसाय आहे’ असं सांगा. ते खरं आहे आणि कागदोपत्री सिद्ध आहे.

समितीला माझी एक विनंती आहे. आपला हॉल वाढदिवस आणि वार्षिक सभा सोडली तर कुलूपबंद असतो. महिन्यातला एक रविवार सकाळी दोन तास तो चित्र काढणाऱ्यांना द्यावा. कागदावर काढणारे, टॅबलेटवर काढणारे, आठ वर्षांचे, ऐंशी वर्षांचे, सगळे येऊ देत. विजेचं बिल फार वाढणार नाही; वाढलं तर पहिल्या वर्षाचं मी भरतो.

आणि पालकांना एक सांगणं. लेकरानं चित्र दाखवलं तर ‘याचे किती मिळाले?’ हा प्रश्न आधी विचारू नका. आधी चित्र बघा. पैशाचा प्रश्न जरूर विचारा, पण दुसरा विचारा. आणि माळ्यावरची रंगपेटी या दिवाळीच्या साफसफाईत खाली काढा. रंग वाळले असतील, हात वाळलेला नसतो.